देशाच्या मधोमध आपण, मग विमान बदलायला दुसरीकडे कशाला?

प्रश्न: कोचीला लेकीकडे जायचं म्हटलं की एका मोठ्या शहरात विमान बदलावं लागतं. मागच्या खेपेला त्या शहरावर अर्धा तास नुसत्या घिरट्या घातल्या, खाली उतरलो तर पुढचं विमान गेलेलं! झिरो माईल, म्हणजे देशाचा मध्य मानला जाणारा दगड, आपल्याकडे आहे, मग नागपूरलाच हब, म्हणजे विमानं बदलायचं मोठं केंद्र, काऊन करत नाहीत?
— एक वाचक, त्रिमूर्ती नगर, नागपूर

उत्तर: भाऊ, होतं की एकेकाळी! 1949 साली रात्रीची टपाल विमानं सुरू झाली, दिल्ली मुंबई कलकत्ता मद्रास चारही बाजूंनी डाकोटा विमानं निघायची, रात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची अन् टपालाची पोती, प्रवासी अदलाबदल करून सकाळपर्यंत आपापल्या गावी परत. फेडेक्स या कुरिअर कंपनीनं अमेरिकेत मेम्फिसला हाच खेळ मांडला तो 1973 मध्ये, म्हणजे आपण 24 वर्षं पुढे होतो बाप्पा.

हिशोब सोपा आहे, 10 शहरं एकमेकांना थेट जोडायची तर 45 मार्ग लागतात, त्यातलंच एक मधे धरलं की 9 मध्ये भागतं. पण आता जेट विमान दिल्लीहून चेन्नईला एका दमात जातं, मधे टेकायची गरजच नाही, त्यामुळे नकाशातला मध्य काही कामाचा राहिला नाही. अन् नुसत्या विमान बदलणाऱ्यांवर धंदा चालत नाही, त्याच गावी उतरणारे, ऐनवेळी महाग तिकीट काढणारे लोक लागतात, ते मुंबई-दिल्लीत ढीगभर. नागपूर विमानतळाच्या मिहान प्रकल्पाच्या तर नावातच कार्गो हब (मालवाहतुकीचं केंद्र) आहे, तरी विमानांच्या नावानं तिथे ठळक काय उभं राहिलं तर बोइंगनं एअर इंडियासाठी बांधलेलं दुरुस्ती केंद्र. वाईट नाही, पण हब नव्हे.

आता घिरट्यांचं. पुढची विमानं जुळावी म्हणून कंपन्या एकाच तासा-दोन तासात झुंडीनं विमानं उतरवतात, रनवे मात्र तेवढेच. मुंबईचंच घ्या ना, दोन रनवे आहेत पण एकमेकांना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालतो. लंडनच्या हीथ्रोलाही दोनच, तिथे तर उतरणं-उडणं मिळून वर्षाला 4,80,000 ची मर्यादाच घातलीय.

पुढच्या वेळी सकाळचं पहिलं विमान घ्या, दिवसभराचा उशीर संध्याकाळच्या विमानांवर साचतो. अन् दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) काढा, मग पहिल्याच्या उशिरानं दुसरं चुकलं तर पुढे पोचवायचं कंपनीनं बघायचं. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात खरी, पण चुकलं की दुसरं तिकीट तुमच्याच खिशातून.