आधी कलम उघड, मग माझ्याशी बोल

पोरी,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला होता. लगेच उत्तर दिलं नाही, कारण फोनवर चार ओळी टाकून भागणारं नव्हतं. एआयबीईच्या, म्हणजे वकिलांच्या अखिल भारतीय बार परीक्षेच्या, पासिंगला ४५ लागतात आणि तू ४२ वर अडकलीस, बाररूममध्ये कुणाला सांगितलं नाहीयेस, प्रोव्हिजनल सनदेची, म्हणजे तात्पुरत्या वकिली परवान्याची, दोन वर्षं संपत आलीत, आणि आता एक जण म्हणतोय पुण्याला जाऊन क्लास लाव, दुसरा म्हणतोय जेएमएफसीचीच, म्हणजे न्यायाधीशाच्या परीक्षेचीच, तयारी कर त्यात एआयबीई आपोआप निघून जाईल, तिसऱ्याने टेलिग्रामवरच्या पीडीएफचा ढीग पाठवलाय. आणि तू मला विचारतेस, मॅडम, जुने कायदे वाचू की नवे, नोट्स कुणाच्या घेऊ, दोन महिने कोर्टात येणं बंद करू का.

तू हुशार आहेस, सगळं नीट होईल वगैरे मी लिहीत बसणार नाही, ते तुला माहितीये आणि त्याने मार्क वाढत नाहीत. माझ्याकडे सांगायला एकच गोष्ट आहे आणि ती तू माझ्या तोंडून आधीही ऐकलीयेस. कलम उघडून वाच. कलमाबद्दल कुणी काय लिहिलंय ते नको, कलम वाच.

तू मॉक टेस्टचे स्क्रीनशॉट पाठवलेस ना, त्यातला चेक बाउन्सचा प्रश्न बघ. तू उत्तर दिलंयस तीस दिवस. का दिलंस? कारण कुठल्या तरी नोट्समध्ये ३०-१५-३० असं लिहिलंय आणि ते तू पाठ केलंस. आता एन आय ॲक्ट, म्हणजे चेकचा कायदा, काढ. १३८ चं परंतुक, म्हणजे 'परंतु'ने सुरू होणाऱ्या अटी, वाच, बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून नोटीस द्यायला तीस दिवस. बरोबर. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला पंधरा दिवस. बरोबर. आता १४२ वर ये आणि बोट ठेवून वाच. तक्रार दाखल करायला काय लिहिलंय? एक महिना. तीस दिवस लिहिलेलं नाहीये. मग तू म्हणशील काय फरक पडतो मॅडम. अगं, तक्रारीचं कारण १० फेब्रुवारीला घडलं तर तुझी मुदत १० मार्चला संपते आणि तीस दिवस मोजणारा वकील साध्या वर्षात १२ मार्चपर्यंत आरामात बसून राहतो. म्हणजे पक्षकाराचे पैसे अडकलेले, त्यात वकिलामुळे विलंबमाफीचा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, त्यावर तारखा. विलंब माफ करायची सोय आहे त्याच कलमात, पण ती मागायची वेळच का यावी? कायदा करणाऱ्याने एका ठिकाणी दिवस लिहिले आणि दुसऱ्या ठिकाणी महिना लिहिला, ते उगाच नाही लिहिलं. हे तुला कुठलाही क्लास सांगणार नाही असं नाही, सांगेलही, पण कुणी सांगितलेलं आठवडाभर टिकतं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं आयुष्यभर.

तो प्रश्न एका मार्काचा होता. तुला तीन कमी पडले.

आता जुनं की नवं. हा गोंधळ तुझा एकटीचा नाहीये, आमच्या बाररूममध्ये पंचवीस वर्षं वकिली केलेले लोक खुनाला अजून ३०२ म्हणतात आणि मग जीभ चावून १०३ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून तिन्ही नवे कायदे लागू झाले, आयपीसीच्या जागी बीएनएस, सीआरपीसीच्या जागी बीएनएसएस आणि जुन्या पुरावा कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला अजून आयपीसीच लागते, त्यामुळे आपल्या कोर्टात एकाच दिवशी दोन्ही चालतात आणि तुला वकील म्हणून दोन्ही लागणार. परीक्षेसाठी मात्र नवं पक्कं कर. पण कसं करतेयस तू? तू तो तक्ता पाठ करतेयस, डावीकडे जुना नंबर उजवीकडे नवा नंबर. ४२० चं ३१८, ४९८-अ चं ८५, सीआरपीसी १२५ चं १४४. तक्ता फाडून टाक असं मी म्हणत नाही, शोधायला उपयोगी आहे. पण त्याने तुला वाटतं की फक्त नंबर बदललेत. बीएनएसचं ३०३ कधी पूर्ण वाचलंस का? चोरीचं कलम आहे. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची वस्तू, पहिल्यांदाच दोषी ठरलेला माणूस, वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवा. हे जुन्या ३७९ मध्ये कुठे होतं? १०६ वाच. निष्काळजीपणाने मृत्यू, जुन्या ३०४-अ ला दोन वर्षं होती, आता पाच झाली, आणि डॉक्टरांसाठी वेगळं वाक्य आलं. तक्त्यात फक्त ३०४-अ च्या समोर १०६ एवढंच दिसतं. बदल कलमाच्या पोटात आहे. म्हणून सांगते, कलम उघडून वाच.

तू लिहिलंयस रात्री दोनपर्यंत बसते, लेक्चर डबल स्पीडवर लावते, छातीत धडधडतं आणि पानावरची अक्षरं दिसत नाहीत. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं. दिवसभर कोर्टात उभं राहून, सिनियरच्या फायली उचलून, संध्याकाळी ऑफिसमध्ये ड्राफ्ट टाइप करून घरी गेल्यावर दोनपर्यंत जागणं याला अभ्यास म्हणत नाहीत, शरीराला त्रास देणं म्हणतात. अकराला झोप. पहाटे उठ. एक तास फक्त बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, फोन दुसऱ्या खोलीत. जेवण चुकवू नकोस, डबा घेऊन ये, माझ्या टेबलावर जागा आहे.

आणि ती भीती कशाची आहे ते बघ जरा. शंभर प्रश्न, साडेतीन तास, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ. निगेटिव्ह मार्किंग नाही. टिपा नसलेलं बेअर ॲक्ट आत नेता येतं. मराठीतूनही देता येते. वाटेल तितक्या वेळा देता येते. मग हॉलमध्ये घाम का फुटतो? कारण पुस्तक समोर असतं आणि सापडत नाही. तू मला फोनवर सांगितलंस, सीपीसीत, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेत, रिसीव्हर (वादातली मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस) कुठे आहे ते शोधण्यात सहा मिनिटं गेली. ऑर्डर ४०. जिने आधी महिनाभर रोज ते पुस्तक हाताळलंय तिला ते पान कुठल्या बाजूला उघडतं हेसुद्धा माहीत असतं, आणि जिने फक्त पीडीएफ वाचलेत तिला परीक्षेत ते पुस्तक परकं वाटतं. ओपन बुक परीक्षा सोपी असते हे तुला कुणी सांगितलं ते मला माहीत नाही, पण पुस्तक उघडायची सवय नसेल तर ती फार अवघड असते.

अभ्यासक्रमातलं मार्कांचं वाटप तू बघितलंयस ना? राज्यघटना दहा, सीपीसी दहा, बीएनएसएस दहा, बीएनएस आठ, साक्ष्य अधिनियम आठ, कौटुंबिक कायदे आठ, आणि कॉन्ट्रॅक्ट, प्रॉपर्टी, स्पेसिफिक रिलीफ, एन आय मिळून आठ. हे झाले बासष्ट. बाकीचे कंपनी, सायबर, पर्यावरण, पेटंट हे दोन-दोन मार्कांचे विषय, त्यांच्यामागे तू पंधरा दिवस घालवलेस कारण त्यांच्या पीडीएफ छान रंगीत होत्या. असं करू नकोस.

कोर्टात येणं बंद करायचं म्हणतेस तर तिथे मात्र मी चिडते. अगं, रोज तुझ्यासमोर बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, चालतं. निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जावर युक्तिवाद झाला, ऑर्डर ३९ रूल १ आणि २. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, दाखल करायला मुदत मागितली, ऑर्डर ८ रूल १, तिथे तीस दिवस आणि नव्वद दिवस कशाला आहेत ते वाच. दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत, बेलिफचा रिपोर्ट आला, ऑर्डर २१. वरच्या मजल्यावर जामिनाचा अर्ज चालला, बीएनएसएस ४८०, ४८३, अटकपूर्व असेल तर ४८२. डायरीत दिवसभरातली ही कलमं नुसती नंबराने लिही आणि पहाटेच्या तासात तीच वाच. कलमाला माणसाचा चेहरा आला की ते विसरत नाही, १४४ म्हटलं की तुला ती पोटगीवाली बाई आठवेल जी दर तारखेला दोन एसट्या बदलून येते. हे सोडून तू पुण्यात खोली घेऊन भिंतीकडे तोंड करून बसणार? आणि जेएमएफसीचं मनात असेल तर २० मे २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाच, तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणली त्यांनी आणि ती प्रोव्हिजनल सनदेपासून मोजायला सांगितली. निकाल वाच म्हणते, निकालाची रील बघू नकोस.

तू सरळ विचारलं नाहीस पण मला माहितीये मुलं काय बोलतात. मॅडमनी कुठे दिलीय ही परीक्षा, त्यांना काय जातंय सांगायला. खरंय, मी दिलेली नाही. आमच्या वेळी ही परीक्षा नव्हती, पहिली झाली २०११ मध्ये. आमच्या वेळी वेगळं होतं, बार कौन्सिलने १९९५ मध्ये सनदेआधी वर्षभर सिनियरकडे ट्रेनिंगचा नियम केला होता आणि मार्च १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने व्ही. सुदीर केसमध्ये तो रद्द केला. त्याच वर्षी मला सनद मिळाली. बरोबरच्या मुलांनी पेढे वाटले, सुटलो म्हणाले. माझे सिनियर म्हणाले, नियम सुटला असेल, तू नाही सुटलीस. रोज सकाळी ऑफिस उघडलं की केरसुणी बाजूला ठेवायच्या आधी मला एक कलम मोठ्याने वाचायला लावायचे, परंतुकासकट, स्पष्टीकरणासकट, उदाहरणांसकट. मध्ये थांबवून विचारायचे, इथे 'किंवा' आहे की 'आणि'? ते गेले तेव्हा आम्ही प्रॉपर्टी ॲक्टच्या ५३-अ वर होतो. पुढचं त्यांच्यासमोर वाचायचं राहिलं याची रुखरुख मला आजही आहे.

आणि आता बघ, १० फेब्रुवारी २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही बार परीक्षा वैध ठरवली आणि तो सुदीरचा निकालही बरोबर नव्हता म्हणून सांगितलं. त्यामुळे परीक्षा हवीच कशाला हा वाद बाररूमच्या चहापुरता ठेव, तुझी शक्ती त्यात घालवू नकोस.

माझ्याकडे एक मुलगा होता, तुझ्यासारखाच, घरात पहिला वकील. त्याने माझ्याकडे नोट्स मागितल्या. माझ्याकडे आहेत नोट्स, वह्या आहेत कपाटात, मी दिल्या नाहीत. म्हटलं आधी कलम वाचून ये मग बोलू. दोन-तीनदा असं झालं आणि तो यायचा बंद झाला, नंतर कळलं वकिली सोडून भावाच्या दुकानात बसतो. लोक म्हणाले मॅडम फार कडक आहेत, पोरगं घालवलं. त्याचं दुकान माझ्या रस्त्यावर आहे, तो नमस्कार करतो, मला बरं वाटत नाही. पण मी पुन्हा पुन्हा विचार करून बघितलाय, दिल्या असत्या वह्या तर काय झालं असतं? तो पास झाला असता आणि उद्या कुणाची तरी जमीन त्याच्या हातात आली असती, आणि त्या दिवशी त्याच्याकडे माझी वही असती आणि समोरच्याकडे कायदा असता. नाही. मी वह्या देणार नाही, त्यालाही दिल्या नाहीत आणि तुलाही देणार नाही. तुला राग आला तर येऊ दे, पण यायचं बंद करू नकोस एवढं मात्र कर.

आणि बाररूममध्ये लपवायचं थांबव. तिथले निम्मे तुझ्या वयाचे आहेत, त्यातला कोण कितव्यांदा पास झाला ते मला माहितीये, तुला माहीत नाही. तुझ्या सिनियरशी मी बोलते, परीक्षेआधीचे पंधरा दिवस संध्याकाळचं टायपिंग दुसऱ्या कुणाला देतील, ते नाही म्हणणार नाहीत. सकाळचं बोर्ड मात्र सोडायचं नाही.

पुस्तकं विकत घे. सीपीसी, तिन्ही नवे कायदे, घटना आणि एन आय, साधी बेअर ॲक्टची एडिशन, कॉमेंट्री नसलेली. माझी सीपीसी मागू नकोस, तिच्या प्रत्येक पानावर पेनाने लिहिलेलं आहे, हॉलच्या दारातच काढून घेतील. सोमवारी माझं बोर्ड लहान आहे, तीननंतर मोकळी आहे. येताना १३८ ते १४२ वाचून ये, मी फक्त परंतुकं विचारणार.

तुझी,
मॅडम