पाणी चढायच्या आधी ये

प्रिय पोरी,

तुझ्या आईचा काल फोन आला. तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली आणि तू माहेरी आंबेवाडीत. म्हणून बाळंतपणाच्या आधी पंचगंगेचं बोलते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे तुला पाठच असेल. 2019 च्या ऑगस्टमध्ये तुमच्या आणि चिखलीच्या लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. 2021 ला तर जुलैतच पाणी आलं. कळा सुरू झाल्या की 102 ला फोन करायचा, हे बरोबर. पण गाडी पाण्यातून कशी येणार? पंधरा जुलै झाली की इकडं माझ्याकडं यायचं. आईला मी सांगितलंय.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात नाव घातलंस ते बरं केलंस. रक्तपेढी आवारातच आहे, बाळाला काही लागलं तर त्याचाही विभाग तिथंच. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, सिझर झालं तरी. औषधं, रक्त, जेवण, घरी सोडायची गाडी, सगळं त्यात येतं.

आत गेल्यावर काय होतं म्हणून विचारलंस. खरं सांगू? बराच वेळ काहीच होत नाही. पहिलटकरणीला वाटतं, आपल्याकडं कुणी बघतच नाही. गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत कळा येतात, थांबतात, परत येतात. त्याला किती तास लागतील हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. तिथून दहापर्यंत बारा तासही लागू शकतात. सिस्टर अर्ध्या तासानं येऊन बाळाचे ठोके ऐकेल, आतून तपासणी साधारण चार तासांनी. तेवढ्यात 'किती झालं' म्हणून दहादा तपासून घ्यायचा हट्ट करू नको, त्यानं जंतू आत जायची भीती वाढते. फेऱ्या मार, कुशीवर झोप, घोट घोट पाणी पी. जवळ ओळखीची एक बाई राहू देतात का, ते नाव घातलंय तिथं आत्ताच विचारून ठेव. आई बसली तर उत्तम, पण ती रडत बसणार असेल तर काकूला घे.

तुझ्यावर कुणी ओरडलं तर? ओरडतात, खोटं कशाला बोलू. मीही ओरडले आहे. नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या गावी, एका रात्रीत सहा बाळंतपणं आणि आम्ही दोघीच सिस्टर. सातवी आली ती नुसती माझा हात धरून ठेवत होती आणि मी तो झटकला. नंतर तिचं सगळं नीट झालं, तिनं मला बर्फीही दिली. ती बर्फी मला गिळवली नाही. तुझा हात कुणी झटकला, तर दुसऱ्या सिस्टरला हाक मार. रागावू नकोस, पण गप्पही बसू नकोस.

बाळ बाहेर आलं की संपलं असं वाटतं, पण वार पडायची असते. त्याला अर्धा तासही लागतो. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून मांडीत इंजेक्शन देतात. बाळ पुसून छातीवर ठेवतील, नाळ मिनिटभर थांबून कापतील. पहिल्या तासात पाजायला घे. जो पिवळसर चीक येतो तो थेंबभर दिसला तरी पुरतो. मग टाके, आणि मग जे कुणी आधी सांगत नाही ते: सिस्टर सारखी येऊन पोट दाबून बघते. दुखतं. पिशवी नारळासारखी कडक लागते का, हे ती बघत असते. मऊ लागली तर रक्त जास्त जातंय.

इथून पुढं मात्र वाट बघायची नाही. तासाभरात पॅड पूर्ण भिजला, डोकं ठणकून डोळ्यांपुढं काजवे आले, ताप भरला, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला, बाळ पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं, ओढेनासं झालं किंवा धापा टाकायला लागलं, की रात्रीचे तीन असले तरी सिस्टरला उठव. 'सकाळी राउंडला सांगू' असं शेजारच्या खाटेवरची कुणी म्हणेल. ऐकू नकोस. घरी आल्यावरही हेच.

दूध तिसऱ्या दिवशी भरून येतं आणि त्याच सुमाराला उगीच रडूही येतं. लोक म्हणतील, बाळ चांगलंय, मग काय झालं रडायला. रड. दोन आठवड्यांनीही थांबलं नाही तर मला सांग, डॉक्टरांकडं जाऊ.

सासूबाई मध चाटवायला आणि बाळगुटी द्यायला बघतील. त्या प्रेमानंच करतात, पण सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. त्यांना माझ्याशी बोलायला लाव, मी बघते. अळणी रस्सा मात्र खुशाल घे, त्यानं ताकद येते. तांबड्याला महिनाभर हात लावू नकोस. हे डॉक्टरांचं नाही, माझं.

पिशवीत माता-बाल कार्ड, आधार, पॅड, मऊ जुन्या साडीची दुपटी (नवी कोरी नकोत, धुऊन वाळवलेली), टोपडं आणि पुढून उघडणारे दोन गाऊन. सोनं घरीच ठेव. मागची खोली झाडून ठेवलीय. जिना नाही, संडास शेजारीच आहे. येताना आईकडून डिंक घेऊन ये, इथं चांगला मिळेना.

तुझी,
मावशी