जुन्या पिकअपला डिझेल इंजिन

प्रश्न : शेतमाल वाहणाऱ्या माझ्या जुन्या पेट्रोल पिकअपला बोलेरोचे २५२३ सीसी डिझेल इंजिन बसवावे का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : चासीला गंज किंवा तडे नसतील तर विचार रास्त आहे. मात्र इंजिन विकत घेण्यापूर्वी आरटीओची परवानगी घ्यावी, कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार अशा बदलास मान्यता लागते आणि येथे तर इंधनच बदलत आहे. परवानगी मिळाली नाही, तर हा बेत सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गॅरेजमध्ये सगळे लक्ष इंजिनाचे माउंटिंग आणि गिअरबॉक्सकडे जाते. ब्रेकचा विचार मागे पडतो. ब्रेक बूस्टरला, म्हणजे पेडल हलके करणाऱ्या भागाला, लागणारा व्हॅक्यूम (हवेची ओढ) पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांतून मिळतो, पण डिझेल इंजिनात तो तसा तयार होत नाही. म्हणून बहुधा अल्टरनेटरच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) मागे असणारा व्हॅक्यूम पंप विक्रेत्याकडून इंजिनासोबतच मागून घ्यावा. तो नसेल, तर द्राक्षांच्या क्रेटनी भरलेली गाडी घाट उतरताना पेडल दगडासारखे कडक लागेल. डिझेल इंजिनाच्या वाढत्या वजनासाठी पुढचे पाटे (स्प्रिंग) तपासून घ्यावेत आणि इंजिनातून उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी नळीही जोडून घ्यावी.