'हिडन सर्व्हिस'ला 'गुप्त सेवा' म्हणावे का?

प्रश्न असा आहे: टॉरच्या जाळ्यात (इंटरनेटवर कोण कुठून बोलतो हे लपवणाऱ्या) आपल्या सर्व्हरवरून रिले (निरोप पुढे पोचवणारा दुवा) आणि 'हिडन सर्व्हिस' (सर्व्हर कुठे आहे हे कळू न देणारी साइट वा सेवा) कशी चालवायची, हे मराठीत लिहायचे आहे. 'पुनःप्रक्षेपक' आणि 'गुप्त सेवा' हे शब्द चालतील का?

माझ्या मते दोन्ही नकोत. 'गुप्त' म्हटले की गुप्तहेर, गुप्तधन आठवते. म्हणजे वस्तूच दडवलेली. इथे तसे नसते. टॉरच्या सेटिंगच्या 'टॉरआरसी' फाइलीत दोन ओळी घाला, फोल्डर कुठला आणि पोर्ट कुठला, आणि टॉर पुन्हा सुरू करा. त्या फोल्डरात 'होस्टनेम' नावाची फाइल तयार झालेली दिसेल. उघडली की ५६ अक्षरांचा पत्ता: इंग्रजी अक्षरे, अधूनमधून २ ते ७ मधले आकडे, शेवटी '.अनियन'. हा पत्ता खुशाल चारचौघांत द्या. कळत नाही तो सर्व्हरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा खरा ठिकाणा. आपण नावगाव विचारतो ना, तसे इथे नाव आहे, गाव नाही. म्हणून 'निनावी सेवा'ही चुकते. 'बेपत्ता' अक्षरशः जुळतो, पण मराठीत बेपत्ता म्हणजे हरवलेला! टॉरवाल्यांनीही आता 'अनियन सर्व्हिस' हेच नाव घेतले आहे. त्या दोन ओळींत मात्र 'हिडन' अजून टिकून आहे. मी 'अनियन सेवा' लिहितो आणि पहिल्या वेळी 'ठावठिकाणा कळू न देणारी सेवा' असा खुलासा जोडतो.

रिलेला 'टप्पा' म्हणा. पूर्वी डाक टप्प्याटप्प्याने जायची, एकाने थैली पुढच्याच्या हाती द्यायची. टॉरमध्येही प्रत्येक टप्प्याला फक्त मागचा आणि पुढचा माहीत असतो. कांद्यासारखा एकेक पापुद्रा सोलत निरोप पुढे जातो. जाळ्याबाहेर नेणाऱ्या शेवटच्या टप्प्याला मी 'वेशीचा टप्पा' म्हणतो. बाहेरच्या साइटला त्याचाच आयपी दिसतो, त्यामुळे तक्रारीही त्याच्याच दारात येतात. नवख्याने आधी मधला टप्पाच चालवावा.

अनियन सेवेला वेस लागतच नाही. वाचक आपल्या टप्प्यांनी येतो, सेवा आपल्या टप्प्यांनी, आणि दोघे एका ठरलेल्या रिलेवर भेटतात. इंग्रजीत त्याला 'राँदेव्हू पॉइंट' म्हणतात. यासाठी आपल्याकडे नेमका शब्द होता: संकेतस्थळ, म्हणजे प्रेमिकांनी खुणेने ठरवलेली भेटीची जागा. तो आपण वेबसाइटला देऊन बसलो, याची मला मनापासून हळहळ वाटते. आता तो इथे वापरला तर घोळ होईल, म्हणून 'भेटीचा टप्पा' लिहा.