भिंत आहे, टॉवर आहेत, तरी गाव जळतंय

प्रश्न: आमच्या ऑनलाइन रोलप्लेइंग गेममधे आम्ही ९ जण मिळून एक गाव सांभाळतो, भिंत आहे, टॉवर आहेत, तरी ऑर्क (गेममधले राक्षस) येतात आणि धान्याचं कोठार जाळून जातात. काय चुकतंय?

उत्तर: ९ जणांनी अख्खी भिंत राखायची म्हटलं तर कसं जमणार, त्यापेक्षा आत यायला एकच वाट ठेवा, अरुंद आणि वळणाची, म्हणजे कितीही ऑर्क आले तरी एका वेळी दोन-तीनच पुढे येतात आणि तुमचे धनुर्धारी त्यांना वरून दोन्ही बाजूंनी टिपू शकतात. बाहेर खंदक खणा, त्याचीच माती आतल्या बाजूला टाकली की बांध आपोआप उंच होतो, खऱ्या गढ्यांनाही असंच करायचे. आणि पहारा! तो कुणी मनावरच घेत नाही. कोण कधी ऑनलाइन असतं ते लिहून काढा, सगळे झोपलेले असतात त्या वेळेला निदान दोघं पाहिजेतच, एक घंटा वाजवायला, एक गेट लावायला. हीलरला, म्हणजे बाकीच्यांच्या जखमा बऱ्या करणाऱ्याला, भिंतीवर चढवू नका प्लीज, तो पडला की सगळेच पडतात. कोठाराचं गवताचं छप्पर आजच काढा. आणि गेम मास्टरला (गेम चालवणाऱ्याला) सांगून एकदा खोटा हल्ला करून बघा, कोण कुठे पळतं ते लगेच कळेल.