माइनक्राफ्टच्या मॉडमध्ये वन्यजीव आणि समुद्र अधिक खरे कसे वाटतील?

तुम्ही लिहिले आहे की मित्रासोबत माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) जगातल्या गेमसाठी मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये भर घालणारा प्रोग्राम, तयार करताना तुम्ही ४० नव्या प्राण्यांची यादी केली, त्यांतले पहिले दहा गेममध्ये घातले आणि मग लक्षात आले की ते सगळे चालत्या-फिरत्या बाहुल्यांसारखे वाटतात. समुद्र तर पूर्वीइतकाच रिकामा आहे. मीही नोकरी सांभाळून याच गेमसाठी मॉड लिहितो आणि माझ्या पहिल्या मॉडचेही असेच झाले होते. त्या अनुभवावरून सांगतो की उरलेले तीस प्राणी सध्या बाजूला ठेवा. प्राणी खरा वाटतो तो त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांमुळे नव्हे, तर खेळाडू आसपास नसतानाही त्याला स्वतःचे काही काम असते म्हणून.

माइनक्राफ्टमधल्या प्रत्येक प्राण्याजवळ कामांची एक क्रमवार यादी असते: मार लागला तर पळणे, खेळाडूच्या हातात खाद्य दिसले तर मागे येणे, जोडी जमवणे, आणि यांतले काहीच नसेल तर इकडेतिकडे भटकणे. या यादीतली बरीचशी कामे खेळाडूभोवती फिरतात. गाईला भूक लागत नाही, ती पाण्यावर जात नाही. दोन गाईंना गहू दिला की लगेच वासरू जन्मते आणि २० मिनिटांत मोठे होते. तुमच्या दहा प्राण्यांनी हीच यादी जशीच्या तशी उचलली असणार. मात्र जुलै २०१८मध्ये आलेल्या समुद्राच्या अद्ययावत आवृत्तीत गेम तयार करणाऱ्यांनी स्वतःच वेगळी वाट दाखवली आहे. त्यातल्या डॉल्फिनला श्वासासाठी पृष्ठभागावर यावेच लागते, नाहीतर तो बुडून मरतो. पाण्याबाहेर ठेवलेले प्रवाळ करडे पडते. कासव जिथे जन्मले तोच किनारा लक्षात ठेवून अंडी घालायला तिथे परतते. तुम्ही या कासवापासून सुरुवात करावी असे मला वाटते.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२मध्ये सुरू केले. तिथे पिल्लांना समुद्राकडे जाताना मी पाहिले आहे. टोपली उचलली की तळहाताएवढी काळपट पिल्ले काही क्षण तशीच पडून राहतात. मग एक मान वर करते, चार पावले जाते, थांबते, पुन्हा चालू लागते. पहिली लाट त्याला उचलून आणखी मागे टाकते आणि ते पुन्हा त्याच दिशेने निघते. वाट दाखवायला आई नसते. क्षितिजाची जी बाजू सखल आणि उजळ दिसते तिकडे चालायचे, एवढेच त्याला ठाऊक असते, आणि मोकळ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. किनाऱ्यावर दिवे लागले की हीच पिल्ले उलट जमिनीकडे चालू लागतात, ही जगभरच्या किनाऱ्यांवरची खरी अडचण आहे.

आता तुमचा गेम आठवा. रात्री राक्षस येऊ नयेत म्हणून प्रत्येक खेळाडू घराभोवती मशाली लावतो. तुमच्या कासवाच्या पिल्लाला फक्त एवढे शिकवा की ठरावीक अंतरातल्या सर्वांत उजळ जागेकडे जायचे. किनाऱ्यावर घर बांधलेल्या खेळाडूला एका पहाटे आपल्या मशालींभोवती गोल फिरणारी पिल्ले दिसतील आणि त्याला कोणी काही सांगावे लागणार नाही. याशिवाय अंडी ज्या वाळूत असतात तिच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते. थंड वाळूत नर अधिक, उष्ण वाळूत माद्या अधिक. गेममध्ये प्रत्येक बायोमचे, म्हणजे वाळवंट, जंगल अशा प्रदेशाचे, तापमान आधीच नोंदलेले असते, त्यामुळे हे करायला दोन-तीन ओळींचे काम पुरते.

समुद्र रिकामा वाटण्याचे एक कारण म्हणजे त्याला भरती-ओहोटी नाही. कोकणात भरतीची वेळ काढायची सोपी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती. माइनक्राफ्टच्या चंद्राला आठ कला आहेत आणि रोज एक कला पुढे सरकते, म्हणजे हीच रीत तिथे लावायची तर भरती रोज तीन तासांनी, गेमच्या हिशेबात ३,००० टिकांनी (टिक म्हणजे गेममधल्या वेळेचे छोटे माप), पुढे ढकलली की झाले. साऱ्या समुद्राचे पाणी मात्र वरखाली करू नका, संगणक बसेल. खेळाडूजवळच्या किनाऱ्याची दोन ब्लॉक उंचीची पट्टी हळूहळू भरा आणि रिकामी करा. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांतल्या डबक्यांत खेकडे, शिंपले आणि अडकलेले छोटे मासे ठेवले की खेळाडू आपोआप चंद्राकडे बघून दिवस आखू लागतो.

दुसरे कारण तांत्रिक आहे. जावा आवृत्तीत एकट्याने खेळताना छोट्या माशांसाठी साधारण २० आणि स्क्विड (माकूळ) आणि डॉल्फिन यांच्या गटासाठी पाच एवढीच मर्यादा असते. तुम्ही ती वाढवून पाहिली असेल आणि गेम अडखळला असेल. त्याऐवजी माशांचा अख्खा थवा हाच एक प्राणी माना आणि त्यात दोनशे मासे फक्त चित्ररूपाने दाखवा. मूळ गेममध्ये एक मासा पुढारी होतो आणि बाकीचे त्याच्यामागे जातात, पण खऱ्या थव्याला असा पुढारी लागत नाही. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७मध्ये दाखवून दिले की शेजाऱ्याला धडकू नका, शेजाऱ्याच्या दिशेने वळा आणि घोळक्याच्या मध्याकडे सरका, या तीन नियमांवर संगणकात हुबेहूब थवा तयार होतो. शिकारी जवळ आला की थवा मधोमध फाटून त्याच्यामागे पुन्हा मिटला पाहिजे. हे एक दृश्य नीट जमले तर माशांच्या दहा नव्या जाती घालण्याची गरज उरत नाही.

पाण्याखालच्या भटकंतीबद्दल तुम्ही फक्त "खोली वाढवू का" असे विचारले आहे. जगाचा तळ उणे ६४वर आणि समुद्राची पातळी ६३च्या आसपास असल्यामुळे जगाच्या उंचीची मर्यादा न बदलता सव्वाशे ब्लॉकच्या पुढे तुम्हाला जाता येणार नाही, आणि खऱ्या महासागराची सरासरी खोली ३,७०० मीटरच्या आसपास आहे. तेव्हा खोलीच्या मागे न लागता खोली जाणवेल कशी याचा विचार करा. अंदमानात १८ मीटरवर उतरलो होतो तेव्हा माझ्या मनगटावरची लाल पट्टी मळकट तपकिरी दिसत होती. मार्गदर्शकाने तिच्यावर विजेरी धरली आणि ती एकदम लालभडक झाली. शेजारच्या खडकावर मी इतका वेळ जे करडे समजत होतो ते प्रवाळ केशरी निघाले. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते, मग नारिंगी, मग पिवळा, आणि शेवटी निळा तेवढा उरतो. शेडरमध्ये, म्हणजे गेममधला उजेड आणि रंग ठरवणाऱ्या कोडमध्ये, हे करणे अवघड नाही. खेळाडूने उजेड खाली नेला तरच प्रवाळाचे खरे रंग दिसतील असे करा, म्हणजे खाली उतरण्याला खजिन्यापलीकडचे कारण मिळेल.

हवेचा हिशेबही असाच तयार आहे, कारण एक ब्लॉक म्हणजे एक मीटर. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणून टाकीतली हवा दहा मीटरवर दुप्पट आणि वीस मीटरवर तिप्पट वेगाने संपते. पाणबुडे वर येताना मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा जास्त वेग ठेवत नाहीत, कारण दाब झपाट्याने उतरला तर रक्तात आणि सांध्यांत विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. हे दोन नियम घातले की खेळाडू उतरण्यापूर्वी परतीची हवा मोजून ठेवील. रात्रीसाठी एक सुचवतो: खऱ्या समुद्रात अंधार पडला की खोल पाण्यातले असंख्य जीव वर येतात आणि पहाटे पुन्हा खाली जातात. चमकणारे स्क्विड २०२१पासून गेममध्ये आहेतच, त्यांना या वेळापत्रकावर आणा.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट, ती म्हणजे खेळाडूच्या हातून होणारे नुकसान. १७४१च्या नोव्हेंबरात व्हिटस बेरिंग यांचे 'सेंट पीटर' जहाज आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्जन बेटावर अडकले. बेरिंग तिथेच वारले. उरलेल्यांनी सागरी पाणमांजरे मारून हिवाळा काढला, पुढे सुमारे आठ मीटर लांबीची आणि केल्प (उंच वाढणारे समुद्री शेवाळ) खाऊन जगणारी संथ सागरी गाय मारली, मोडक्या जहाजाच्या लाकडांतून लहान नाव बांधली आणि ऑगस्ट १७४२मध्ये ते कामचात्काला पोहोचले. सर्व्हायव्हल गेममध्ये आपण जे जे करतो ते सगळे या माणसांनी केले. पण त्यांनी आणलेली पाणमांजरांची कातडी पाहून शिकाऱ्यांची रीघ लागली, आणि जहाजावरच्या गेओर्ग स्टेलर यांनी जिचे वर्णन लिहून ठेवले ती सागरी गाय १७६८पर्यंत, म्हणजे २७ वर्षांत, पृथ्वीवरून संपली. पाणमांजरांच्या जाण्याचे परिणाम नंतर कळले. अल्यूशियन बेटांवर जेम्स एस्टिस आणि सहकाऱ्यांनी १९७४मध्ये मांडले की जिथे पाणमांजरे आहेत तिथे केल्पचे जंगल दाट आहे, आणि जिथे ती नाहीत तिथे त्यांचे खाद्य असलेले काटेरी सी अर्चिन इतके माजतात आणि केल्प खातात की तळ उघडा पडतो.

केल्प तुमच्या गेममध्ये आहे. पाणमांजर आणि सी अर्चिन तेवढे घाला. प्रत्येक प्रदेशासाठी या तिघांचे तीन आकडे साठवून ठेवा आणि गेममधल्या रोज पहाटे एकदाच हिशेब करा, म्हणजे लांबच्या समुद्रातला एकेक प्राणी हलवत बसावे लागणार नाही. खेळाडूने कातड्यासाठी पाणमांजरे मारली की पंधरा-वीस दिवसांनी जंगल विरळ होईल, त्यातले मासे जातील. त्याने शिकार थांबवली आणि थोडी पाणमांजरे उरली असतील तर जंगल सावकाश परत येईल. एकही उरले नसेल तर येणार नाही, आणि इथे खेळाडूला सवलत देऊ नका.

शार्कविषयी थोडक्यात. मूळ गेममध्ये तो नाही, कारण खऱ्या प्राण्यांना शत्रू म्हणून दाखवायचे नाही अशी गेम तयार करणाऱ्या मोजांग कंपनीची भूमिका आहे, आणि ती मला पटते. तुम्हाला घालायचाच असेल तर तो लांबून एक फेरी मारून निघून जाणारा असू द्या. माणसावर हल्ला करणारा शार्क हा अपवाद आहे.

चाचणीसाठी मी जे करतो ते सांगतो. स्पेक्टेटर मोडमध्ये (यात खेळाडू फक्त पाहतो) किनाऱ्यावर एका जागी थांबा आणि गेममधला एक पूर्ण दिवस, म्हणजे २० मिनिटे, कळफलकाला हात न लावता पाहत राहा. त्या वेळात पाणी उतरले का, खेकडे बाहेर आले का, थवा एकदा तरी फाटला का, पाणमांजराने काही खाल्ले का, हे कागदावर लिहा. यांतले जे घडले नसेल, तिथून पुढचे काम सुरू करा.