'सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक गेला; प्री-ऑर्डरच्या पैशांचं काय?

तुम्ही विचारलंय ते असं: २०२० मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या व्हिडिओ गेमच्या रिमेकची (नव्याने बनवल्या जाणाऱ्या आवृत्तीची) प्री-ऑर्डर केली, २०२२ च्या शेवटी दुकानाचा "रिफंड केला" असा मेल आला, पण तोवर क्रेडिट कार्ड बंद केलेलं. पैसे आलेच नाहीत. आता गेमच रद्द झाला, तर पुन्हा मागता येतील का? शिवाय गेम परत आणा म्हणणाऱ्या याचिकेवर सही करावी का, आणि २००३ चा मूळ गेम आजच्या विंडोजवर चालतो का? पहिला भाग वाचून कपाळावर हात मारला. माझीही सेम टू सेम चूक, सेम टू सेम मनस्ताप.

आधी एक गैरसमज काढून टाका. गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने २१ जानेवारी २०२६ ला गेम रद्द केला, त्याचा तुमच्या पैशांशी काही संबंध नाही. नोव्हेंबर २०२२ मध्येच गेम दुकानांतून काढला होता आणि प्री-ऑर्डरचे पैसे परत करायला सुरुवात झाली होती. दुकानाच्या दृष्टीने तुमचा हिशोब तेव्हाच मिटला. आता "गेम रद्द झाला, पैसे द्या" असं लिहिलंत तर "सर, रिफंड झालेला आहे" एवढंच उत्तर येईल, आणि ते खोटंही नसेल. तुमचं भांडण बँकेशी आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शाखेत जाऊन "माझा रिफंड कुठे गेला?" असं विचारणं. शाखेतला माणूस तुमचं बचत खातं उघडून बघतो, तिथे काही नसतं, तो म्हणतो दुकानाला विचारा. दुकान म्हणतं बँकेला विचारा. कार्ड विभागाला फोन केला तर यंत्र कार्डाचा नंबर मागतं आणि बंद कार्डाचा नंबर दिला की "अमान्य" म्हणून फोन कापतं. ज्या बँकेमुळे मला हे कळलं तिचं नाव घेत नाही, पण "सिस्टीममध्ये दिसत नाही" हे वाक्य आजही डोक्यात जातं. अहो, बंद कार्ड चालू कार्डांच्या यादीत दिसणार कसं?

मागायचा असतो तो एआरएन, म्हणजे बँकेला व्यवहाराचा माग काढता येतो तो संदर्भ क्रमांक. कार्डावरच्या प्रत्येक रिफंडला हा २३ अंकी क्रमांक असतो. दुकानाला मेल करून फक्त तीन गोष्टी मागा: एआरएन, रिफंडची तारीख, नेमकी रक्कम. ऑर्डर क्रमांक आणि त्यांचा जुना मेल सोबत जोडा. १२ अंकी क्रमांक पाठवला तर तो बहुधा आरआरएन, म्हणजे दुसराच एक संदर्भ क्रमांक असतो. नसल्यापेक्षा बरा, पण एआरएनचा आग्रह सोडू नका.

तो मिळाला की शाखेत न जाता बँकेच्या कार्ड विभागाच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पाठवा. त्यात बंद कार्डाचे शेवटचे चार अंक, कार्ड बंद केल्याची तारीख, एआरएन, रक्कम, आणि पैसे ज्या खात्यात हवेत त्याचा रद्द केलेला चेक. "रिफंड शोधा" असं मोघम लिहू नका. "नोव्हेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या काळातलं या कार्ड खात्याचं स्टेटमेंट द्या आणि जमा शिल्लक माझ्या बँक खात्यात वळती करा" असं लिहा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या कार्डविषयक निर्देशांत हे स्पष्ट केलं होतं: कार्ड बंद झाल्यावर जमा शिल्लक राहिली तर ती ग्राहकाच्या बँक खात्यात वळती करायची, आणि खात्याचा तपशील नसेल तर तो बँकेने मागून घ्यायचा. हे वाक्य पत्रात घातलं की उत्तराचा सूर बदलतो. पैसे परकीय चलनात कापले असतील तर रुपयांत आकडा थोडा वेगळा दिसेल. तेवढ्यावरून "हा माझा नव्हेच" म्हणू नका.

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार. इतक्या उशिरा मुदतीचा मुद्दा निघू शकतो, हे सांगून ठेवतो. ग्राहक आयोगाचीही मुदत दोन वर्षं आहे. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण कारण पटवावं लागतं. मी वकील नाही. मोठी रक्कम असती तर म्हटलं असतं वकिलाला भेटा. एका गेमच्या पैशांसाठी त्याचीच फी जास्त होईल.

याचिकेवर खुशाल सही करा, अपेक्षा ठेवू नका. २०१५ मध्ये कोनामी कंपनीचा 'सायलेंट हिल्स' हा गेम रद्द झाला तेव्हा लाखाच्या वर सह्या जमल्या, कोनामी हलली नाही. आणि त्या याचिकेखाली "पुण्याच्या स्टुडिओनेच वाट लावली" असं जे लिहिताय ना, ते थांबवा. २०२० चा ट्रेलर फिका होता, कबूल. पण रिमेकचं काम मे २०२२ मध्ये युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडून माँट्रियलला गेलं, म्हणजे ज्यांनी मूळ गेम केला त्यांच्याच स्टुडिओकडे. पुढची साडेतीन वर्षं त्यांच्या हातात होता आणि तरी रद्द झाला, तोही आणखी पाच गेमांसोबत. याचं खापर पुण्यावर कसं फुटतं ते मला कुणी समजावून सांगा.

मूळ गेम चालतो, स्टीम किंवा जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवरून घ्या. रुंद स्क्रीनवर चित्र ताणलेलं दिसतं, त्यासाठी चाहत्यांनी केलेला वाइडस्क्रीन पॅच गेमच्या फोल्डरमध्ये टाकावा लागतो. फ्रेमरेट ६० वर बांधून ठेवा. धुकं उलटं दिसलं, म्हणजे जवळचं पांढरं आणि लांबचं स्वच्छ, तर गेमच्या फोल्डरमधली 'हार्डवेअर' नावाची आयएनआय (सेटिंग्जची) फाइल नोटपॅडमध्ये उघडा, 'इन्व्हर्ट फॉग रेंज'ची ओळ शोधा आणि ० असेल तर १ करा, १ असेल तर ०. आधी त्या फाइलची कॉपी काढून ठेवा. सगळे बदल एकदम करू नका, एक बदल करून गेम चालवून बघा, मग पुढचा; नाहीतर कशाने बिघडलं तेच कळत नाही.

दुकानाकडून एआरएन आला की इथे कळवा (क्रमांक जाहीर टाकू नका), पत्राचा मसुदा बघून देतो.